सनद कोणाच्या हातात?

‘सनद’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरला जातो. एक सनद इनामाची. ती पूर्वी राजाकडून मिळे आणि राजाची मर्जी फिरली की जप्तही होई. दुसरी सनद वकिलाची. कायद्याची पदवी घेतलेला माणूस ती मिळाल्याखेरीज कोर्टात उभा राहू शकत नाही. ती गेली तर काळा कोट खुंटीला लागतो. वकिलीचे नियम अनेकदा बदलले, तरी लोकांच्या बोलण्यातून हा शब्द गेला नाही. तो न जाण्यात एक अर्थ आहे असे मला वाटते. जे दिले जाते ते काढूनही घेता येते, ही जाणीव त्या शब्दातच आहे. मग प्रश्न असा पडतो की, ते काढून घेण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या कारणासाठी असावा? वकिलाने अशिलाचे पैसे खाल्ले तर त्याची सनद जावी, याविषयी कोणाचेच दुमत होणार नाही. परंतु वकिलाने राजकारणात पडून एखादा कायदा उघडपणे मोडला तर? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या मुंबईच्या हायकोर्टापुढे १९१९ साली अगदी स्वच्छ स्वरूपात आला होता. गांधीजींच्या चरित्रात त्याला एखाददुसरे पान मिळते. पुढच्या मोठ्या घटनांच्या गर्दीत तो मागे पडला. वास्तविक कायद्याच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे.

रौलट बिलांविरुद्ध गांधीजींनी २४ फेब्रुवारी १९१९ रोजी अहमदाबादच्या आश्रमात सत्याग्रहाची प्रतिज्ञा तयार केली. ही बिले कायदा झाली तर आम्ही ते कायदे सविनय मोडू, तसेच पुढे नेमली जाणारी समिती जे इतर कायदे ठरवील तेही मोडू, आणि या लढ्यात सत्याने वागू व कोणाच्या जीविताला अगर मालमत्तेला धक्का लावणार नाही, असा तिचा आशय होता. सही करणाऱ्यांत अहमदाबादचे काही वकीलही होते. मार्चमध्ये रौलट कायदा झाला. एप्रिलमध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी पसरताच अहमदाबादेत दंगल उसळली, आणि १३ एप्रिलला अमृतसरला जालियनवाला बाग घडली. १८ एप्रिलला गांधीजींनी सत्याग्रह तहकूब केला. त्यानंतर चारच दिवसांनी, २२ एप्रिलला, अहमदाबादचे जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी मुंबई हायकोर्टाच्या रजिस्ट्रारना पत्र लिहिले. माझ्या जिल्ह्यातील काही वकिलांनी कायदा मोडण्याची शपथ घेतली आहे, तेव्हा अशा माणसांनी सनद बाळगावी काय, असा त्या पत्राचा रोख होता. त्यावरून हायकोर्टाने जुलैमध्ये दोन बॅरिस्टर आणि तीन वकील अशा पाच जणांवर नोटिसा काढल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या पाच जणांपैकी कोणी अशिलाला फसविले, खोटा पुरावा उभा केला, पैशाची अफरातफर केली, असा आरोप नव्हता. त्यांनी केवळ एका कागदावर सही केली होती. मग हायकोर्टाला त्यात गैर काय दिसले?

इंग्रज सरकारचे कोर्ट, तेव्हा ते देशभक्तांच्या विरुद्धच जाणार, असे म्हणून आपण हा प्रश्न चटकन निकालात काढतो. पण कोर्टाच्या बाजूने विचार केला तर त्या प्रतिज्ञेत खरोखरच एक अडचण होती. एखादा विशिष्ट कायदा अन्यायाचा वाटतो म्हणून मी तो मोडीन, असे वकिलाने म्हणणे ही एक गोष्ट झाली. उद्या एक समिती नेमली जाईल आणि ती सांगेल ते कायदे मी मोडीन, असे म्हणणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. वकील हा कोर्टाचाच एक अधिकारी समजला जातो. समिती उद्या कोणता कायदा सांगेल हे ठाऊक नसताना त्याने आधीच होकार द्यावा, यात त्याने आपली विवेकबुद्धी दुसऱ्याकडे गहाण टाकली असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. मी गांधीजींना मानणारा असलो तरी हा मुद्दा मला खोडून काढता आलेला नाही. कायद्यावर पोट भरणाऱ्याने कायदा पाळला पाहिजे, हे कोर्टाचे म्हणणे वरवर फार साधे वाटते, आणि ते सर्वस्वी खोटे नाही.

दुसरी बाजूही तितकीच बळकट आहे. जो माणूस कायदा उघडपणे मोडतो, पळून जात नाही, खोटे बोलत नाही आणि शिक्षा भोगायला तयार असतो, त्याच्यावर अशिलाने विश्वास का ठेवू नये? उलट अशा माणसाच्या शब्दावर न्यायाधीशाला अधिक भरवसा वाटायला हवा. हायकोर्टाने ऑक्टोबर १९१९ मध्ये या वकिलांना समज दिली, पण सनदा काढून घेतल्या नाहीत. कोर्टालाही बहुधा मनातून कळत असावे की, आपल्यापुढे उभी असलेली माणसे लबाड नाहीत.

पण प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. नोटिसा मिळालेल्या वकिलांपैकी एकाकडून न्यायाधीश केनेडींच्या पत्राची नक्कल गांधीजींच्या हाती आली. गांधीजी त्या वेळी ‘यंग इंडिया’चे संपादक होते आणि महादेवभाई देसाई प्रकाशक. ६ ऑगस्ट १९१९ च्या अंकात गांधीजींनी ते पत्र जसेच्या तसे छापले आणि त्यावर टीका करणारा लेखही लिहिला. वकिलांचे प्रकरण कोर्टापुढे चालू असतानाच हे घडले. झाले! हायकोर्टाच्या रजिस्ट्रारचे पत्र आले. मुख्य न्यायमूर्तींच्या दालनात हजर राहून खुलासा करावा, असा निरोप होता. गांधीजी पंजाबला निघाले होते, म्हणून त्यांनी लेखी उत्तर पाठविले. संपादक या नात्याने लोकहिताच्या प्रश्नावर पत्र छापणे मी माझे कर्तव्य समजलो, असे त्यांनी कळविले. कोर्टाने माफीचा एक मसुदा सुचविला. तेवढा छापला की प्रकरण मिटणार होते. गांधीजींनी तो छापण्यास नकार दिला. तसाच प्रसंग पुन्हा आला तर मी तसेच वागेन, मग आज खेद झाल्याचे कसे म्हणू, हे त्यांचे म्हणणे होते. शिक्षा द्यावयाची तर ती मी नम्रपणे भोगीन, हेही त्यांनी सांगितले.

बेअदबीच्या या खटल्याची सुनावणी ३ मार्च १९२० रोजी न्यायमूर्ती मार्टेन, हेवर्ड आणि काजीजी यांच्यापुढे झाली. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल सर थॉमस स्ट्रँगमन होते. गांधीजी आणि महादेवभाई यांनी वकील दिला नाही, ते स्वतःच उभे राहिले. आता पाहा, एका बाजूला जगातील कायद्याचे दाखले काढून दाखविणारे सरकारी वकील आहेत, आणि समोरचा आरोपी स्वतः इनर टेंपलचा बॅरिस्टर असूनही एकही दाखला काढत नाही! पत्र छापले हे खरे, माफी मागता येत नाही हेही खरे, आपण काय ते करा, एवढेच तो सांगतो. १२ मार्चला निकाल लागला. बेअदबीचा गुन्हा शाबीत धरला गेला, दोघांची कडक शब्दांत निर्भर्त्सना करण्यात आली आणि पुढील वर्तनाबद्दल ताकीद देण्यात आली. दंड नाही, कैद नाही. माफी न मागणाऱ्यापुढे कोर्टही थोडे अडखळते, असे या निकालावरून वाटते.

केवळ कायदा पाहिला तर येथे कोर्टाचे फारसे चुकले असे म्हणता येणार नाही. चालू प्रकरणातील कागद छापून त्यावर टीका करणे हे आजही धोक्याचे आहे. उद्या एखाद्या गरीब माणसाचा खटला चालू असताना वृत्तपत्राने त्याच्याविरुद्धची कागदपत्रे छापून त्याला आधीच दोषी ठरविले तर आपल्याला ते आवडेल काय? नियम दोघांनाही सारखाच लागू होतो. गांधीजींची थोरवी नियम खोटा ठरविण्यात नव्हती. नियम मोडल्याची किंमत त्यांनी न कुरकुरता मोजायची ठेवली, तीत ती होती.

यानंतर वर्षभरातच चित्र पालटले. असहकाराच्या चळवळीत कोर्टांवरील बहिष्कार हा एक कार्यक्रम ठरला. देशबंधू दास, मोतीलाल नेहरू, राजेंद्रप्रसाद, वल्लभभाई यांच्यासारख्या नामांकित वकिलांनी आपली चालती वकिली सोडून दिली. १९१९ मध्ये कोर्ट म्हणत होते की, तुमची सनद काढून घेऊ. १९२१ मध्ये वकीलच म्हणू लागले की, तुमची सनद तुमच्यापाशी ठेवा. धमकीतला दमच त्यामुळे निघून गेला.

मार्च १९२२ मध्ये गांधीजींवर राजद्रोहाचा खटला झाला. १८ मार्चला अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी त्यांना सहा वर्षांची साधी कैद दिली. शिक्षा सांगताना त्यांनी लोकमान्य टिळकांचे उदाहरण घेतले. त्याच कलमाखाली लोकमान्यांना १९०८ साली मुंबई हायकोर्टात सहा वर्षांची शिक्षा झाली होती. (ती देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते, हा दैवाचा खेळच म्हणायचा.) टिळकांच्या पंक्तीला बसविल्याबद्दल गांधीजींनी धन्यताच व्यक्त केली. त्यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. ते तेथे असतानाच १० नोव्हेंबर १९२२ रोजी लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या पटावरून त्यांचे नाव कमी केले. सक्षम कोर्टात शिक्षा झालेला माणूस आमचा सभासद राहण्यास अपात्र आहे, असे कारण दिले गेले. गुन्हा कोणता, तो लबाडीचा की मतस्वातंत्र्याचा, याची चिकित्सा त्यांना करावीशी वाटली नाही. याच संस्थेने १९०९ मध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांचे नाव काढले होते. त्याच वर्षी ग्रेज इनने, परीक्षा उत्तीर्ण होऊनही, सावरकरांना बॅरिस्टरी देण्याचे नाकारले होते. गांधीजींचे नाव इनर टेंपलने १९८८ मध्ये पुन्हा पटावर घेतले आणि श्यामजींचे २०१५ मध्ये. तोपर्यंत गांधीजींना जाऊन चाळीस वर्षे झाली होती आणि श्यामजींना पंच्याऐंशी.

ज्या देशात गांधीजींनी वीस वर्षे वकिली केली त्या दक्षिण आफ्रिकेत याच प्रश्नाचा निकाल कसा लागला, हे पाहण्याजोगे आहे. १८९४ मध्ये नाताळच्या वकिलांच्या संस्थेने गांधीजींना वकिली करू देण्यास विरोध केला होता. तेथील सुप्रीम कोर्टाने तो विरोध फेटाळला. कायदा गोरा-काळा असा भेद करीत नाही, असे कोर्ट म्हणाले. (मात्र पगडी उतरविण्यास सांगितले!) पुढे १९५२ मध्ये नेल्सन मंडेला यांना अन्यायी कायदे मोडण्याच्या चळवळीबद्दल नऊ महिन्यांची शिक्षा झाली. ती तहकूब ठेवण्यात आली होती. जोहान्सबर्गमध्ये त्यांची ऑलिव्हर टांबो यांच्याबरोबर वकिलीची कचेरी होती. शिक्षा झालेल्या माणसाचे नाव पटावरून काढावे, असा अर्ज ट्रान्सवालच्या वकील संस्थेने केला. १९५४ मध्ये कोर्टाने तो नामंजूर केला. मंडेलांनी कायदा मोडला हे खरे, पण त्यात अप्रामाणिकपणा नाही, बेअब्रूचे असे काही नाही, तेव्हा वकील म्हणून ते नालायक ठरत नाहीत, असा त्या निकालाचा आशय आहे. अर्जाचा खर्चही संस्थेवरच बसविण्यात आला. वर्णभेदाच्या राज्यातील गोऱ्या न्यायाधीशांनी हे म्हणावे, आणि स्वातंत्र्याची जननी म्हणविणाऱ्या लंडनला ते बत्तीस वर्षांपूर्वी सुचू नये, याचे मला फार आश्चर्य वाटले.

मंडेलांच्या निकालात जी कसोटी सापडते ती मला पटते. वकिलाचे राजकारण कोणते हे पाहू नका. तो ज्या कामासाठी आहे त्या कामात तो खोटे बोलला काय, हे पाहा. अमेरिकेची उदाहरणे या कसोटीवर घासून पाहता येतील. अध्यक्ष निक्सन यांची वकिली न्यूयॉर्कच्या कोर्टाने १९७६ मध्ये काढून घेतली ती वॉटरगेटच्या तपासात अडथळा आणल्याबद्दल. न्यूयॉर्कचे एके काळचे महापौर रुडी जुलियानी यांचे नाव तेथील कोर्टाने जुलै २०२४ मध्ये पटावरून काढले. २०२० च्या निवडणुकीविषयी त्यांनी कोर्टांपुढे आणि लोकांपुढे खोटी विधाने केली, हे त्याचे कारण. दोघेही राजकारणी, पण दोघांचाही दोष सत्याशी संबंधित. गांधीजींच्या प्रकरणात नेमके हेच नव्हते. त्यांनी केले ते कबूल केले.

आता आपल्या देशातील आजची व्यवस्था थोडक्यात पाहू. इंग्रजी अमलात सनद देणे आणि काढणे हायकोर्टाच्या हातात होते. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने हा अधिकार वकिलांच्या स्वतःच्या संस्थेला, म्हणजे बार कौन्सिलला दिला. वकिलाविरुद्धची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे जाते. तीन सभासदांची शिस्त समिती ती ऐकते. ती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला समज देऊ शकते, काही काळ सनद तहकूब करू शकते किंवा नाव कायमचे काढू शकते. त्यावर साठ दिवसांत भारताच्या बार कौन्सिलकडे आणि तेथून पुढे सुप्रीम कोर्टाकडे अपील करता येते. तक्रारीचा निकाल वर्षाच्या आत लागला पाहिजे, असेही कायदा म्हणतो.

पण कोर्टाचा हात यातून सर्वस्वी निघाला काय? १९९५ मध्ये हा प्रश्न मोठ्या चमत्कारिक रीतीने उभा राहिला. अलाहाबाद हायकोर्टात एका न्यायमूर्तींशी उद्धट वर्तन केल्याबद्दल ज्येष्ठ वकील व्ही. सी. मिश्रा यांना सुप्रीम कोर्टाने बेअदबीबद्दल दोषी धरले आणि तीन वर्षे त्यांची वकिली तहकूब केली. मिश्रा हे स्वतःच भारताच्या बार कौन्सिलचे अध्यक्ष होते! ज्या संस्थेने शिस्त लावायची तिच्या प्रमुखालाच शिस्त लावण्याची वेळ आली. अशा वेळी कोर्टाला राग आवरला नाही तर नवल नाही. परंतु वकिलांच्या संघटनेने हा प्रश्न पुन्हा सुप्रीम कोर्टापुढे नेला आणि १७ एप्रिल १९९८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरविले की, बेअदबीच्या खटल्यात कोर्ट दंड करू शकते, कैद देऊ शकते, पण वकिलाची सनद तहकूब करू शकत नाही. ते काम कायद्याने बार कौन्सिलला दिले आहे. आपलाच अधिकार आपणच आखून घेणारा हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. रागावलेल्याच्या हातात सनद असू नये, हे त्यामुळे पक्के झाले.

तरीही २०२० मध्ये प्रशांत भूषण यांच्या प्रकरणात हा धागा पुन्हा हाताला लागला. न्यायसंस्थेविषयी ट्विटरवर लिहिलेल्या दोन मजकुरांबद्दल सुप्रीम कोर्टाने त्यांना १४ ऑगस्टला दोषी ठरविले. माफी मागण्यास त्यांनी नकार दिला, आणि तसे करताना १९२२ च्या खटल्यातील गांधीजींच्या निवेदनाचा आधार घेतला. ३१ ऑगस्टला त्यांना दंड झाला तो एक रुपया! पण तो १५ सप्टेंबरपर्यंत भरला नाही तर तीन महिने साधी कैद आणि तीन वर्षे सुप्रीम कोर्टात वकिली करण्यास मनाई, असे हुकुमात होते. रुपया भरला गेला, त्यामुळे पुढचे टळले. तथापि १९९८ च्या निकालानंतर मनाईची ही अट कशी बसते, यावर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वाद घालण्यासारखे आहे. सनद तहकूब करणे वेगळे आणि आपल्या कोर्टात उभे राहू न देणे वेगळे, असे कोणी म्हणेल. ज्याची सारी वकिली त्याच कोर्टात आहे त्याला हा फरक किती दिलासा देईल?

या सगळ्यात ज्याचे नाव कोठेच येत नाही तो माणूस म्हणजे अशील. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो, पण बांधाच्या भांडणापायी, भाऊबंदकीपायी ती चढावीच लागते. ज्याला वाचता येत नाही तो वकीलपत्रावर अंगठा उठवतो आणि पुढचे सारे त्या काळ्या कोटावर सोडून देतो. त्याच्या दृष्टीने वकिलाने रौलट कायदा मोडला काय, याला महत्त्व नाही. तारखेला वकील हजर होता काय, नुकसानभरपाईचा पैसा पुरता हाती आला काय, याला आहे. शिस्तीचा कायदा मुळात त्याच्यासाठी आहे. तो मतांच्या माणसांवर वापरला गेला की अंगठा उठवणाऱ्याच्या वाट्याला त्यातले कमीच येते.

आपल्यापैकी काही जण बी. ए. नंतर कायद्याकडे वळतील. त्यांतील कोणी मोर्चात गेले असतील, एखाद्यावर जमावबंदी मोडल्याचा खटलाही असेल. अशांना घरचे लोक हमखास भीती घालतात की, आता तुला सनद मिळणार नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टचे कलम २४-अ अशा वेळी वाचून पाहावे. नुसता खटला असल्याने नव्हे, तर शिक्षा झाल्याने अपात्रता येते, आणि तीही नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली असेल तर. सुटकेनंतर दोन वर्षांनी ती अपात्रताही संपते. याच कलमात अस्पृश्यतेच्या कायद्याखाली झालेली शिक्षा वेगळी सांगितली आहे. तिथे नैतिक अधःपतन झाले की नाही, हा वादच ठेवलेला नाही. माणसाला माणूस न मानणाऱ्याला सनदेपासून दूर ठेवावे, हे आमच्या कायदेमंडळाने स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. नैतिक अधःपतन म्हणजे काय, याची व्याख्या मात्र त्या कायद्यात कोठेही नाही. ती प्रत्येक वेळी समोरच्या माणसाकडे पाहून नव्याने ठरवावी लागते.